घरात वारशाने आलेली जुनी बंदूक आणि तिचे कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्र परवान्याच्या कागदपत्रांबद्दल आमच्याकडे प्रश्न येतात ते साधारण दोनच वेळी. घरातलं मोठं माणूस गेल्यावर, तेरावं आटोपून कपाट उघडलं की. नाहीतर इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करायला घेतला की. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे तो क्रमांक दिला आहे. उत्तरं मुंबईत राहणाऱ्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. कायदा सगळीकडे एकच, पण खिडकी बदलते.

१. आमच्याकडे पणजोबांची बंदूक आहे, शंभर-सव्वाशे वर्षांची तरी असेल. एवढ्या जुन्या वस्तूला परवाना कशाला लागतो?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत मोठा गैरसमजही इथेच. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'अमुक सालाआधीची बंदूक परवान्यातून मोकळी' अशी तरतूद नाही. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जुन्या शस्त्रांना तशा सवलती आहेत. त्या इंटरनेटवर वाचून लोक निर्धास्त होतात आणि आपल्या कायद्यात काय आहे ते बघायचं राहून जातं.

आपल्या कायद्यात कलम ४५ च्या सी खंडात सूट आहे. जुनाट बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, पण ते बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं उरलेलं नसेल तरच. दुरुस्ती न करता तर नाहीच, दुरुस्ती करूनही नाही. म्हणजे घोडा गंजून अडकला आहे, कमान तुटली आहे, दस्त्याला वाळवी लागली आहे, एवढ्याने भागत नाही. हे सगळं चांगला कारागीर आठवड्यात ठीक करतो. नळीच फुटली आहे किंवा मागचा भाग खाऊन गेला आहे, असं काही असेल तर बोलता येतं.

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत 'कुतूहलाच्या वस्तू आणि ऐतिहासिक शस्त्रं, कलम ४५ सी मध्ये वगळलेली सोडून' असा चौथा वर्गच आहे. जुनं शस्त्रही परवान्याखाली येऊ शकतं हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेलं आहे. परवाना नसताना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड. 'शोभेची आहे हो' हे उत्तर कोर्टात फार टिकत नाही.

२. वडील गेले. परवाना त्यांच्या नावावर होता. बंदूक कपाटात आहे. सर्वांत आधी काय करू?

आधी बंदूक जमा करा, अर्ज नंतर. परवाना माणसाच्या नावावर असतो; माणूस गेला की त्याचा आधार संपतो आणि त्या क्षणापासून घरात ती बंदूक ठेवायचा अधिकार कुणाकडेच राहत नाही. कलम २१ सांगतं की कोणत्याही कारणाने ताबा कायदेशीर राहिला नाही तर विनाकारण उशीर न लावता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं. सैन्यदलातल्या व्यक्तीला युनिटच्या शस्त्रागारातही जमा करता येतं. 'विनाकारण उशीर' म्हणजे किती दिवस हे कलमात लिहिलेलं नाही. घरात सुतक आहे हे कुणीही समजून घेईल, पण वर्षश्राद्ध झालं तरी बंदूक कपाटातच, हे समजून घेणारा अधिकारी विरळा.

बंदूक खांद्यावर टाकून लोकलने पोलीस ठाण्यात जाऊ नका. हे लिहावं लागतं, कारण लोक गेले आहेत. आधी ठाण्यात फोन करा, लेखी पत्र द्या: मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक, काडतुसं किती. मग त्यांनी सांगितलेल्या वेळी, मोकळी करून, गुंडाळून, मूळ परवाना आणि मृत्यू दाखल्याची प्रत सोबत घेऊन जा. बंदूक भरलेली आहे की रिकामी हे ओळखता येत नसेल तर हातच लावू नका. ठाण्यातून माणूस बोलवा.

जमा केल्याने मालकी जात नाही. जमा करणाऱ्याला किंवा तो गेल्यास त्याच्या वारसाला ठरलेल्या मुदतीत, परवाना मिळाल्यावर, ती परत घेता येते. परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाला विकताही येते. मुदत उलटून गेली आणि कुणी विचारायलाच आलं नाही, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून पावतीवरची तारीख जपा.

३. पोलीस ठाणं बरं की शस्त्रविक्रेत्याकडे ठेवणं?

ठाण्यात पैसे लागत नाहीत, पण मुद्देमालाच्या खोलीतल्या दमट हवेत दुनळीचं काय होईल ते सांगता येत नाही. मुंबईचा पावसाळा लोखंडाला दयामाया दाखवत नाही. विक्रेता भाडं घेतो, पण तेल लावून ठेवतो. चांगल्या स्थितीतली, मोलाची बंदूक असेल तर आम्ही विक्रेता सुचवतो. फक्त त्याच्या परवान्यात जमा शस्त्रं ठेवण्याची मुभा आहे ना, ते बघून घ्या आणि पावतीवर नळीवरचा क्रमांक लिहून घ्या. विक्रेत्याकडे ठेवली तरी ठाण्याला आणि परवाना शाखेला (प्रश्न ६) लेखी कळवायचंच.

४. वारस म्हणून परवाना कुणाला मिळतो? सून मागू शकते का?

हो. शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ वारसांसाठीच आहे, आणि त्यात पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांच्याबरोबर जावई, सून, भाऊ, बहीण हेही धरले आहेत. वय एकवीस पूर्ण हवं. कलम ९ ची बंधनं लागू: हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन ठरलेला काळ उलटलेला नसणं, मानसिक स्थिती, शांतता राखण्याचा बंधपत्राचा आदेश वगैरे. पोलीस अहवालात प्रतिकूल शेरा नसावा.

घरात मुली असतील तर त्यांना विचारा तरी, एवढंच म्हणतो. बंदूक म्हटलं की अर्ज मुलाच्याच नावाने, अशी आपल्याकडे सवय आहे. नियमात तसं काही नाही.

५. वडील हयात आहेत, वय चौऱ्याहत्तर. आत्ताच नावावर करून घेता येईल?

येईल, आणि हाच सर्वांत सोपा रस्ता आहे. नियम २५ नुसार परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. सही करायला, अधिकाऱ्यासमोर बसून 'माझीच इच्छा' म्हणायला माणूस समोर असतो, त्यामुळे प्रश्न ७ मधली अर्धी भांडणं होतच नाहीत. दर महिन्याला कुणीतरी 'हे आधी माहीत असतं तर' म्हणतं. वडिलांसमोर हा विषय काढणं अवघड असतं, मान्य. परवान्याचं नूतनीकरण आलं की त्या निमित्ताने काढा.

६. मुंबईत अर्ज कुठे, आणि कागद कोणकोणते?

मुंबई शहर आणि उपनगरांसाठी परवाना प्राधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. काम त्यांच्या शस्त्र परवाना शाखेत चालतं, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात. डोंबिवली-कल्याण-ठाणे असेल तर ठाण्याचे पोलीस आयुक्त, वाशी-नेरूळ असेल तर नवी मुंबईचे. आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. ठरतं ते अर्जदाराच्या राहत्या पत्त्यावर, मृत व्यक्तीच्या नाही.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, केंद्राच्या संगणक प्रणालीवर भरायचा, प्रत शाखेत. सोबत मृत्यू दाखला, मूळ परवाना पुस्तिका, जमा केल्याची पावती, तुमचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रं, प्राप्तिकराची विवरणपत्रं असल्यास ती, सरकारी किंवा नोंदणीकृत डॉक्टरचं शारीरिक व मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. वारस असल्याचा पुरावा म्हणून कुठे प्रतिज्ञापत्र चालतं, कुठे न्यायालयाचा वारस दाखला मागतात. तो दाखला आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. इतर वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं वेगळी.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यापायी फायली महिनोनमहिने अडतात: क्रमांक. जुन्या परवान्यावर हाताने लिहिलेलं असतं 'डी.बी.बी.एल., बारा बोर, क्र. ३८१७' (डी.बी.बी.एल. म्हणजे मागून भरायची दुनळी, बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) आणि बंदुकीवर निघतो ८३१७, किंवा ३ आणि ८ यातला फरक गंजामुळे कळतच नाही. विलायती दुनळीचा क्रमांक बऱ्याचदा दस्त्याजवळच्या लोखंडी भागावर असतो, आणि पुढचा लाकडी तुकडा काढून नळ्या सुट्या केल्या की नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूवर पुन्हा असतो. तिथेच बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या चाचणीची बारीक ठोकलेली निशाणं दिसतात, ज्यावरून बंदुकीचा काळ साधारण सांगता येतो. जमा करतानाच विक्रेत्याकडून नळ्या उघडून दोन्ही जागच्या क्रमांकांचे स्पष्ट फोटो काढून घ्या. परवान्यात चूक असेल तर अर्जातच स्वतंत्र पत्राने कळवा. पुढे तपासात ती दुसऱ्याला सापडली की तुमची बंदूक 'वेगळीच बंदूक' ठरते.

७. आम्ही तिघं भावंडं. बाबांनी इच्छापत्रात बंदूक माझ्या नावे लिहिली आहे. मग ना हरकत कशाला?

इच्छापत्राने मालकी येते, परवाना येत नाही. ही दोन वेगळी दारं आहेत आणि दोन्ही उघडावी लागतात. इच्छापत्र असेल तर तुमची बाजू भक्कम होते, पण भावंडांपैकी एकाने शाखेत आक्षेपाचं पत्र टाकलं की अधिकारी 'आधी आपसांत मिटवा' म्हणून फाईल बाजूला ठेवतात. कायद्याच्या काटेकोर नजरेने हे योग्य की नाही यावर वाद घालता येईल. व्यवहारात ना हरकत स्वस्त पडते.

उलटही होतं. मालकी तिघांची सामाईक आणि परवाना एकाच्या नावे, असं राहू शकतं. पण मग विकताना तिघांच्या सह्या लागतील हे आधीच कागदावर लिहून ठेवा.

८. मला जिवाला धोका वगैरे काही नाही. अर्जात कारण काय लिहू?

खरं ते लिहा: वारसाने आलेलं शस्त्र. नवीन परवाना मागणाऱ्याला नियम १२ खाली गरज दाखवावी लागते. वारसाच्या अर्जाला नियम २५ ने त्यातून सूट दिली आहे. पात्रता आणि स्वच्छ पोलीस अहवाल पुरेसा आहे. तरी लोक कुणाच्या तरी सांगण्यावरून 'व्यवसायानिमित्त रोकड नेतो' वगैरे लिहितात, मग चौकशीला आलेला हवालदार दुकान बघायला मागतो आणि दुकान काही नसतं.

९. बाबांकडे दोन बंदुका आणि एक पिस्तूल होतं. माझ्याकडे स्वतःची एक आधीच आहे. सगळी मिळतील?

नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं, पूर्वी तीन होती. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडता येणार नाही हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा तुम्हाला आणखी एकच घेता येईल. उरलेली दुसऱ्या पात्र वारसाच्या नावे करा किंवा विका (प्रश्न १६). मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना नेमबाजीच्या सरावासाठी वेगळी सवलत आहे, पण तिच्यात पणजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक बसवायला जाऊ नका.

त्या दुरुस्तीच्या वेळी ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक वर्षाच्या आत, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, तिसरं जमा करायचं होतं. बऱ्याच वयस्कर परवानाधारकांना हे कळलंच नाही. वडिलांकडे तिसरं तसंच राहिलं असेल तर अर्जात लपवू नका.

१०. परवाना सापडला, पण नूतनीकरण १९९४ नंतर झालेलंच नाही.

मग ती बंदूक तीस वर्षं परवान्याविनाच होती, असं धरून चला. वडील आता नाहीत, त्यामुळे त्यांच्या चुकीचा जाब तुम्हाला कुणी विचारणार नाही; तुमचा प्रश्न तुमच्या हातात ती आली त्या दिवसापासून सुरू होतो. लगेच जमा करा आणि पत्रात ती केव्हा, कुठे, कशी सापडली ते सरळ लिहा.

जुन्या परवान्याची नोंद ज्या कार्यालयात झाली तिथून नोंदवहीचा उतारा मागवा. माहितीच्या अधिकाराचाही उपयोग होतो. तिथे नोंद मिळाली तर वारसाचा अर्ज उभा राहतो. आणखी एक अडचण असते: आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीकोशातला युनिक क्रमांक लागतो आणि तो नसलेला परवाना वैध धरत नाहीत. १९९४ मध्ये थांबलेल्या परवान्याला तो असणं शक्य नाही. म्हणून 'जुना परवाना चालू करून द्या' असं न मागता 'वारस म्हणून नवीन द्या' असं मागा.

गुन्हा दाखल होईल का, हे सगळेच विचारतात. छातीठोकपणे 'नाही' असं कुणीच सांगू शकत नाही. जो सांगेल त्याच्यापासून दूर राहा. पण कलम ३९ प्रमाणे कलम ३ च्या, म्हणजे विनापरवाना बंदूक बाळगण्याच्या, गुन्ह्यासाठी खटला भरायला जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, आणि स्वतःहून लेखी पत्राने जमा केलेलं शस्त्र आणि झडतीत सापडलेलं शस्त्र यांच्याकडे एकाच नजरेने बघत नाहीत. पत्र देण्याआधी वकिलाला दाखवा.

११. आमचं घराणं इनामदारांचं. पूर्वी आम्हाला परवाना लागतच नव्हता असं आजी सांगते.

आजीचं खरं असू शकतं. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याखाली संस्थानिक, सरदार, मानकरी अशा कितीतरी लोकांना सूट होती. पण १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ ला अमलात आला आणि जुना कायदा गेला. ती सनद आता फ्रेम करून लावा. शस्त्राच्या कागदपत्रांत ती इतिहास सांगायला उपयोगी पडेल, परवाना म्हणून नाही. पुढचं प्रश्न १० प्रमाणे.

१२. पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. त्यांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर आहे. यालाही हीच पद्धत?

इथे थांबा आणि नळीवरचा बोर बघा, किंवा जाणकाराला बघायला सांगा. वेब्ली ही ब्रिटिश बनावट; त्या काळातली लष्करी वेब्ली बहुतेक .४५५ इंच बोरची. .४५५ किंवा .३८० ची गोळी ज्यात बसते आणि सुटते अशी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं, तसंच ९ मिलिमीटर लष्करी गोळी घेणारी, आपल्याकडे निषिद्ध बोरमध्ये, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणाऱ्या मापात, मोडतात; .३०३ ची बोल्ट रायफल आणि .४१० चं मस्केटही. अशा शस्त्रांचा निर्णय पोलीस आयुक्तांच्या हातात नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. विनापरवाना निषिद्ध शस्त्र सापडलं तर शिक्षा किमान सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत.

आठवणीची वस्तू म्हणून जपायची इच्छा समजते, विशेषतः पेटीत सोबत पदकंही असतात तेव्हा. पदकं ठेवा. रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी जमा करा आणि मग गृह मंत्रालयाकडे जायचं, निकामी करायचं (प्रश्न १४) की संग्रहालयाला द्यायचं (प्रश्न १६) ते सावकाश ठरवा.

१३. बंदूक राजापूरजवळच्या गावी आहे, शेतीसाठीची ठासणीची. मी परळला राहतो. इकडे आणता येईल?

कोकणात डुकरं-माकडांपासून पीक राखायला दिलेले परवाने भरपूर. त्या परवान्याचा जीव शेतीत असतो. तुम्ही कसत नसाल तर पीक संरक्षणाचं कारण तुम्हाला लागू होत नाही. गावी भाऊ किंवा बहीण शेती बघत असेल तर तिथल्याच जिल्हादंडाधिकाऱ्याकडे त्यांच्या नावे अर्ज करणं शहाणपणाचं. चुलतभाऊ कसत असेल तर लक्षात ठेवा, प्रश्न ४ मधल्या यादीत चुलतभाऊ नाही.

तरीही मुंबईतच हवी असेल तर अर्ज मुंबईच्या आयुक्तांकडे वारस म्हणून, आणि मूळ जिल्ह्याकडून नोंदीची खातरजमा व ना हरकत. परवाना हातात येईपर्यंत बंदूक गावच्या ठाण्यातच राहू द्या. परवाना आल्यावर आणतानाही लेखी परवानगी, रिकामी, म्यानात. गणपतीला गेलो होतो, येताना गाडीच्या डिकीत टाकून आणली, असं करू नका. वाटेतल्या नाकाबंदीत ती डिकी उघडली की वारसाहक्काचा प्रश्न उरत नाही.

१४. नळीत शिसं ओतून बंद करून टाकली तर परवान्याची कटकट संपेल ना?

स्वतः ओतलंत तर कटकट वाढेल. बंदुकीत फेरफार करणं, दुरुस्त करणं, रूपांतर करणं या सगळ्याला कलम ५ खाली परवाना लागतो. शिवाय शिसं वितळतं. ओतलं तसं काढताही येतं, आणि 'दुरुस्ती करूनही चालणार नाही' या कसोटीत (प्रश्न १) ती बंदूक नापास होते. रस्ता असा: परवाना प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी, मग परवानाधारक कारागिराकडून कायमची निकामी करणं, त्याचं प्रमाणपत्र, मग कार्यालयाच्या नोंदीत बदल. जुन्या, देखण्या बंदुकीची किंमत यात मातीमोल होते हेही लक्षात घ्या. दमास्कस नळीला (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली, नक्षीदार) भोक पाडलेलं बघून संग्राहकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

१५. 'चालण्याच्या लायकीची नाही' हे ठरवतं कोण? आमच्या ओळखीच्या कारागिराने लिहून दिलंय.

त्याचं पत्र जोडा, पण निकाल त्याच्या हाती नाही. परवाना प्राधिकारी पोलीस शस्त्रागारातल्या आर्मररकडे (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्याकडे) किंवा कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतात. तोड्याच्या (जळत्या वातीने पेटणाऱ्या) किंवा चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांबाबत लोकांना वाटतं की आता ही दारूच कुणी वापरत नाही, मग सूट मिळेलच. नाही. ठासणीच्या बंदुकीला गोळी-दारू घरी बनवता येते, म्हणून उलट त्या सहज 'चालू' ठरतात. सूट मिळाली तर ती लेखीच घ्या, आणि पत्रात त्या शस्त्राचं वर्णन, लांबी, खुणा असाव्यात. 'एक जुनी बंदूक' एवढंच लिहिलेलं पत्र पुढच्या पिढीच्या उपयोगाचं नाही.

१६. आम्हाला नकोच आहे. विकावी, संग्रहालयाला द्यावी की लंडनच्या भावाला पाठवावी?

लंडन आधी खोडून टाका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ खाली येऊ शकते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद आहे. कमी जुनी असली तरी शस्त्राच्या निर्यातीचे कागद वेगळे.

विक्री परवानाधारक विक्रेत्याला किंवा वैध परवाना असलेल्या माणसालाच. वारसांना फक्त विकण्यापुरती मुदतीची परवानगी मागता येते, स्वतः परवाना घ्यावा लागत नाही. खासगी व्यक्तीला विकणार असाल तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं, हे कलम ५ मध्येच आहे. बयाणा आधी घेऊ नका.

संग्रहालयाला देणं ऐकायला छान वाटतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे, अकबराच्या नावाचं चिलखत तिथे आहे. त्यामुळे एखाद्या साध्या बारा बोरला तिथे जागा मिळेल अशी आशा करू नका. मूठ, कोरीव काम, मालकाचं नाव, कागदोपत्री इतिहास असं काही असेल तर फोटोसह पत्र पाठवून विचारा. संग्रहालयालाही ते कायदेशीर हाताने आलेलं लागतं, म्हणजे प्रश्न २ चुकत नाही.

१७. सोबत काडतुसांचा डबा आणि दारूचं शिंग आहे.

रिकामं शिंग ठेवा. काडतुसं बंदुकीइतकीच परवान्याची बाब आहेत, जमा करताना मोजून पत्रात लिहा. जुनी काडतुसं फुगलेली, हिरवी पडलेली असतील तर हलवाहलव न करता ठाण्याला सांगा. शिंगात दारू शिल्लक असेल तर तीही.

१८. तलवारी, कट्यारी, दांडपट्टा यांचं काय? दसऱ्याला पूजतो आम्ही.

अग्निशस्त्रांसारखा सरसकट परवाना नाही. कलम ४ खाली एखादा भाग अधिसूचित असेल तिथे धारदार शस्त्रांनाही परवाना लागतो. मुंबईत मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं घेऊन फिरण्यावर मनाईचे आदेश वरचेवर निघत असतात. घरात पूजा करा. तलवार घेऊन वरातीत नाचू नका.

१९. परवाना मिळाला. दिवाणखान्यात भिंतीवर लावू का?

कायद्यातून वगळलेली किंवा निकामी केल्याची नोंद असलेली असेल तर खुशाल. चालू बंदूक कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळी. हमीपत्रावर तुम्हीच सही केलेली आहे. परवाना आता पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाची तारीख घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. निवडणुकीच्या काळात जमा करण्याची नोटीस आली तर आधी उत्तर द्या. प्रत्येक परवानाधारकाचा विचार छाननी समितीने स्वतंत्रपणे करायचा असतो.

२०. अर्ज फेटाळला. आता?

कलम १४ नुसार कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि नुसती मालमत्ता कमी आहे म्हणून नाकारता येत नाही. आदेशाची प्रत घ्या. तीस दिवसांत कलम १८ खाली अपील. मुंबई आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध ते राज्य शासनाच्या गृह विभागाकडे, जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे. बंदूक जिथे जमा आहे तिथे अपील चालू असल्याचं पत्र द्यायला विसरू नका, नाहीतर इकडे अपील चालू आणि तिकडे मुदत संपून ती सरकारजमा, असं होतं.

२१. चाळ पाडायला घेतली. आमच्या खोलीच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत एक बंदूक निघाली. आमची नाही, कुणाची ते माहीत नाही. आमच्याआधी त्या खोलीत तीन भाडेकरू होऊन गेले.

ट्रंक आहे तिथेच राहू द्या, शंभर नंबरला नाहीतर थेट ठाण्याला फोन करा आणि पोलिसांना पंचनामा करू द्या. फोटो काढून सोसायटीच्या गटावर टाकू नका. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. वस्तू तुमच्या जागेत आहे हे माहीतच नव्हतं, तर तो ताबा नाही. पण ट्रंक उघडून पाहिल्यावर 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. म्हणून ती उघडली आणि फोन केला यातलं अंतर मिनिटांत मोजण्यासारखं असावं. खोली तुमच्या नावावर केव्हा झाली त्याची भाडेपावती किंवा करार पंचनाम्याच्या वेळी हाताशी ठेवा, आणि ठेकेदाराचा जो माणूस माळ्यावर चढला होता त्याचं नाव पंच म्हणून लिहून घ्यायला सांगा.